बूट घेऊन ठेवा

पिठाच्या मोठ्या डब्याला धरून उभी असलेली राजसी हात सोडून अनुयाकडे बघून हसली, आणि खिमटाचा चमचा अनुयाच्या हातात तसाच राहिला.

"ये," अनुया म्हणाली. मांजराला म्हणावं तसं, उगाच.

राजसी आली. आधी एक पाऊल टाकून तिने स्वतःच जरा विचार केला, मग दुसरं टाकलं, आणि मग दोन्ही हात वर धरून, एका अंगावर झुकत, पडते पडते म्हणेपर्यंत चालत येऊन अनुयाच्या मांडीवर आदळली. खिमट साडीवर सांडलं. अनुयाला ते दिसलंसुद्धा नाही. तिने राजसीला उचलून पुन्हा डब्यापाशी उभं केलं, फोन काढला आणि म्हणाली, "पुन्हा ये. ये ना गं."

राजसी पुन्हा आली. या वेळी तर ओरडत आली.

अनुयाने तो व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'राजसी चालली!!!' पुण्याच्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल होती. एकामागे दोन उद्गारचिन्हं तिने आयुष्यात कधी वापरली नव्हती. पण गेल्या दोन महिन्यांत या घरात आनंद म्हणावा असं पहिल्यांदाच काही घडलं होतं, आणि तो एकटीने ठेवून घेणं तिला जमलं नाही. लगेच टाळ्या यायला लागल्या. कोणी फुगे पाठवले. शर्वीच्या आईने लिहिलं, 'माधवी, पार्टी हवी!'

माधवी म्हणजे राजसीची आई. तिचं मात्र काहीच आलं नाही.

हे पाळणाघर अनुयाचं नव्हतं. तिची आई, सुहासिनी, कुळगावातल्या या तळमजल्यावरच्या जागेत सत्तावीस वर्षं ते चालवत होती. बाहेर पाटी नव्हती. लोक म्हणायचे, 'काकूंकडे ठेवलंय.' सकाळी आईबाप मुलं आणून द्यायचे आणि कामाला जायचे. संध्याकाळी येऊन घेऊन जायचे. या घरात मुलांच्या दोन जाती होत्या, बुटातली आणि बिनबुटातली. बुटातली बाहेरच्या खोलीत, त्यांना संध्याकाळी बागेत न्यायचं. बिनबुटातली आतल्या खोलीत, पाळण्यांत नाहीतर सतरंजीवर. एक बिनबुटातलं पोर बाहेर आलं की आत नवीन पाळणा लागायचा. सुहासिनीने कामाच्या दिवशी कधी कोणाचं लग्न गाठलं नाही की कोणाच्या हळदीकुंकवाला गेली नाही. ज्या वयाचं माणसाला पुढे काही म्हणजे काही आठवत नाही, नेमकं तेवढंच वय तिने सांभाळलं. तिच्या हातून गेलेली पोरं मोठी होऊन रस्त्यात समोरून यायची आणि ओळख न देता निघून जायची. अनुयाला राग यायचा. सुहासिनी म्हणायची, "त्यांना कसं आठवेल? शी-शू पुसलेली आठवायला लागली तर जगायची कशी?"

पावसाळ्याच्या तोंडावर पोटाचं दुखणं झालं आणि आठवड्याभरात ती गेली. अनुया पुण्याहून आली ती दिवसकार्य उरकून परत जायचं ठरवून. पण तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मुलं घेऊन माणसं उभी. "दिवाळीपर्यंत तरी बघा ना ताई. आम्ही कुठे नेऊन ठेवू?" तिने रजा वाढवली. तिला स्वतःला मूल नव्हतं. डायपर बांधायलासुद्धा ती जनूबाईकडून शिकली.

जनूबाई आईच्या हाताखाली पहिल्यापासून होती. वांगणीच्या पुढच्या खेड्यातून रोज यायची. ती आता स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली.

"कोनाशी गो बोलतंस? एवढी हसतंस काय?"

"जनूबाई, राजसी चालली! माझ्याकडे आली चालत. हे बघ."

जनूबाईने व्हिडिओ पाहिला. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि तिथेच थांबलं.

"हे कोनाला दाखवलंस?"

"ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी टाळ्या—"

"काढ. आधी काढ ते."

"का?"

"काढ बोलते ना बाय!"

जनूबाई तिच्यावर कधी आवाज चढवत नसे. अनुयाने गोंधळून व्हिडिओ सगळ्यांसाठी डिलीट केला. ग्रुपवर तिच्या नावाखाली फक्त एवढंच उरलं, की काहीतरी होतं आणि काढून टाकलं. खाली टाळ्या आणि फुगे तसेच.

जनूबाई राजसीला कडेवर घेऊन सतरंजीवर बसली. "तुझी आई सांगायची नाय," ती म्हणाली. "कधीच नाय. पोर हितं सगळ्या घरभर फिरलं तरी नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? पोर चालतंय कधी? दिवसा. दिवसा आईबाप कुठं असतात? कामावर. आख्खा दिस पोर आपल्याकडं, तर पहिलं पाऊल बी आपल्याकडंच पडनार. मग ती आई संध्याकाळची दमून येती, तिला काय सांगायचं? तुझं पोर चाललं, तू नव्हतीस? तुझी आई बोलायची, आपन पैसे पोर सांभाळायचे घेतो, त्यांचं पाऊल कशाला घ्यायचं."

अनुयाने फोन सतरंजीवर पालथा ठेवला.

"मग ती काय करायची? पोर हितं चाललं का मग आईला बोलायची, 'बूट घेऊन ठेवा हो आता. रविवारी घाला.' बस. एवढंच. ती मानसं शनवारी बूट आनायची. रविवारी बापाची सुट्टी, आई घरी. बूट घालून पोराला मधे उभं करायची, हा इकडनं ये ये करतो, ती तिकडनं. पोर चालायचंच, त्याचा हितं सराव झालेला! सोमवारी पेढे घेऊन हजर. 'काकू, चाललं!' आन तुझी आई अशी तोंडावर हात ठेवून, 'अगं बाई! हो?' दर वेळी! एवढी वर्सं! मी आत जाऊन तोंडात पदर घालून हसायची. नाटकातली बाई करनार नाय असं."

अनुयाला हसू आलं. "आणि कोणाला कळलं नाही?"

"कोनाला कळलं असंल तर ते बी गप बसले. आन सगळ्याच वेळी जमायचं असं बी नाय. एक पोरगा हितं चालला, ही बोलली बूट घ्या, आन रविवारपासून जो बसला तो दोन महिने उठलाच नाय. बूट लहान झाले. बाप भांडायला आला, काकू, तुमच्यामुळं बूट फुकट गेले! तुझी आई बोलली, चूक झाली भाऊ. काय बोलनार दुसरं?"

"मला हे कधी सांगितलं नाही तिने."

"सांगन्यासारखं काय त्याच्यात?" जनूबाई म्हणाली. "पोराला बूट कशाला लागतात? मी बारा वर्सांची होईतो अनवानी फिरले, चालले नाय काय? बूट आईबापाला लागतात."

अनुयाने फोन पाहिला. माधवीचं अजून काही नव्हतं.

माधवी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये जीन्सच्या एका वर्कशॉपमध्ये फिनिशिंगला होती. शिवून आलेल्या पँटींचे लोंबते धागे कापायचे, बटणं तपासायची. नवरा, प्रज्वल, चाकणला कंपनीत. शनिवारी रात्री यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. सासू, कौसाबाई, वांगणीला शेतावर राहायची, आणि पोर पाळणाघरात ठेवल्यापासून तिचा एकच हेका होता, की राजीला माझ्याकडे आणून टाका. माधवी ते रोज परतवून लावत होती. 'रात्री तरी ती माझ्या कुशीत असते ताई,' असं ती एकदा म्हणाली होती. 'वांगणीला दिली की मी रविवारची पाहुणी.'

म्हणजे आता कौसाबाईला बोलायला जागा मिळाली, हे अनुयाच्या लक्षात आलं. आणि ती जागा तिनेच करून दिली होती, तीन उद्गारचिन्हं देऊन.

संध्याकाळी एकेक जण येऊन आपापलं मूल घेऊन गेला. जनूबाईची गाडीची वेळ टळून गेली तरी ती ओट्यापाशी काहीबाही पुसत राहिली. माधवी नेहमी शेवटी यायची, आणि फाटकापासूनच "राजूऽऽ" अशी हाक द्यायची. आज हाक आली नाही. चपला काढल्याचा आवाज आला आणि ती आत येऊन भिंतीला टेकून खाली बसली. राजसी रांगत तिच्याकडे गेली. तिने तिला मांडीवर घेतलं आणि तिचे तळपाय हातात धरले.

"चालली ना?" माधवी म्हणाली. अनुयाकडे न बघता.

"माधवी, मी—"

"नाही, चांगलंच आहे ना. शेठ कामावर फोन ड्रॉवरमध्ये ठेवायला लावतो. चहाच्या सुट्टीत बघितला तर टाळ्याच टाळ्या. शर्वीची मम्मी पार्टी मागतेय. मला वाटलं, झालं काय? वर सरकवून बघितलं तर तुम्ही डिलीट मारलेला. मग शर्वीच्या मम्मीलाच विचारलं, तिने सांगितलं."

"म्हणजे तू बघितला नाहीस?"

"नाही. आणि बघून तरी काय करणार होते? धागेच कापत बसले असते." ती हसली, ते हसणं नीट झालं नाही. "सासूबाईंचा फोन येईल आता. शर्वीच्या मम्मीची जाऊ आमच्या गावची आहे. बोलतील, बघ, पोर चालली आणि कोणी परक्याने बघितली." तिने राजसीच्या टाळूवर हनुवटी टेकवली. "कशी चालली पण? कोणाकडे आली?"

अनुयाने तोंड उघडलं. खरं ते सांगायचं एवढंच तिला माहीत होतं; वर्तमानपत्रात एखाद्या लेखकाचं जन्मसाल चुकलं तरी ती संपादकाला पत्र लिहायची.

"कसली चालली!" जनूबाई ओट्याकडून गरजली. "चालतंय काय एवढ्यात? मी मागनं फ्राकाचा घोळ धरलेला, ह्या दोन बोटांनी. सोडला तशी बसली धपकन! आन ही बाय फोन घेऊन नाचायला लागली. हिला काय ठावं? पोर नाय बाळ नाय, आख्खा जन्म पुस्तकांत गेला. चालनं कशाला बोलतात ते हिला कोनी दाखवलंय?"

अनुयाच्या कानशिलांत ऊब चढली. व्हिडिओत राजसीच्या मागे पिठाचा डबा होता आणि डब्याच्या मागे भिंत. तिथे जनूबाईला उभं राहायला जागाच नव्हती. तो व्हिडिओ अजून तिच्या फोनमध्ये होता, आणि फोन तिच्या हातात होता.

"हो," अनुया म्हणाली. "मला कळलंच नाही. मी कधी कोणाला चालायला शिकताना बघितलेलं नाही ना."

माधवीने जनूबाईकडे पाहिलं. मग अनुयाकडे पाहिलं, जरा जास्त वेळ. तिला काय कळलं आणि काय नाही, हे अनुयाला पुढेही कधी समजलं नाही.

"तरीच," माधवी शेवटी म्हणाली. "मी म्हटलं, काल रात्रीपर्यंत तर पलंगाची कड सोडत नव्हती. एकदम कशी चालेल?" आणि राजसीचा गाल ओढत, "चीटिंग करतेस काय गं? फ्रॉक धरून चालतेस?"

"पण बूट घेऊन ठेव," अनुया म्हणाली. "रविवारी घाल. प्रज्वल असेल ना?"

"बूट? आत्ताच? सासूबाई बोलतात वाढदिवसापर्यंत पायांत काय घालू नका, मातीत फिरू द्या."

"फिरू दे की मातीत. रविवारी एक दिवस घाल."

माधवी विचार करत राहिली. "आमच्या वर्कशॉपच्या खालीच लहान मुलांच्या बुटांचं दुकान आहे. ते घेऊ काय, पी-पी वाजणारे?"

"ते नको गो बाय," जनूबाई म्हणाली. "पोराच्या आधी शेजारी रडतात. मऊ तळाचे घे. फुडं बोटभर जागा ठेव."

माधवी राजसीला घेऊन गेली. फाटकापाशी तिचा आवाज ऐकू आला, "चीटिंग करतेस काय? हं?" जनूबाईने पिशवी उचलली.

"लागलं काय गो तुला?" तिने दारातून विचारलं.

"नाही."

"लागलं असंल तर लागू दे," जनूबाई म्हणाली, आणि गेली.

अनुयाने ग्रुप उघडला आणि लिहिलं: 'माझा गैरसमज झाला. राजसी अजून चालत नाही. जनूबाईंनी तिला मागून धरलं होतं, ते माझ्या लक्षात आलं नाही. क्षमस्व.' पाठवून दिलं. हसरे चेहरे आले. व्हिडिओ तर सगळ्यांनी पाहिला होता. पण कोणी उलट विचारलं नाही. कोणीतरी लिहिलं, 'चालायचंच ताई, सवय होईल.' आणि शर्वीच्या आईने, काही वाईट मनात न ठेवता, लिहिलं, 'काकू असत्या तर त्यांना बरोब्बर कळलं असतं.'

अनुयाने ते दोनदा वाचलं. मग फोनमधला व्हिडिओ काढून टाकला, आणि काढून टाकलेल्या गोष्टी जिथे जाऊन पडतात तिथूनही काढून टाकला.

पुढचे दोन दिवस राजसीने नुसता धुमाकूळ घातला. तिला आता बसवतच नव्हतं. बाहेरच्या खोलीतून आत, आतून गॅलरीत, गॅलरीतून चिंतामणींच्या खुर्चीपर्यंत. चिंतामणी म्हणजे अनुयाचे वडील; अंबरनाथच्या एका तारेच्या कारखान्यात तीन पाळ्यांत जन्म काढून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून ते दिवसभर मागच्या गॅलरीत बसायचे आणि मुलांचा आवाज वाढला की रेडिओचा वाढवायचे. राजसी येऊन त्यांचा पायजमा ओढायची, ते तिला एक शेंगदाणा दाखवायचे आणि स्वतः खायचे. "काकूंनी तुला शेंगदाणा द्यायचा नाही म्हणून सांगितलंय," असं ते राजसीला समजावायचे. सांगितलंय, असंच म्हणायचे.

धोका होता तो चार वर्षांच्या शर्वीचा. शुक्रवारी संध्याकाळी माधवी दारात आली तशी शर्वी ठणकावून म्हणाली, "राजू चालते! मी बघितलं! आख्खी चालते!"

"हिला कालपासनं गॅलरीत वाघ बी दिसतोय," जनूबाई म्हणाली. "तुझी आई आली बघ, पळ."

रविवारी पाळणाघर बंद. अनुयाने सकाळी चादरी धुतल्या, दुपारी डबे घासले, आणि मधूनमधून फोन बघत राहिली. तिला स्वतःचंच हसू येत होतं. परीक्षेच्या निकालालाही तिची एवढी घालमेल झाली नव्हती. तो दोन महिने न उठलेला मुलगा सारखा डोळ्यांसमोर येत होता. आईने असे किती रविवार काढले असतील, याचा हिशेब तिने करायला घेतला आणि सोडून दिला. फोन वाजला नाही.

सोमवारी सकाळी फाटकापासून हाक आली. "ताईऽऽ!"

माधवीच्या एका कडेवर राजसी होती आणि दुसऱ्या हातात पेढ्यांचा खोका. राजसीच्या पायांत लाल बूट होते, त्यावर पांढरा ससा. माधवी दारातूनच बोलत आत आली.

"ताई, चालली! सच्ची चालली! सकाळी प्रज्वलने बूट घातले, मधे उभी केली, तर रडून रडून घर डोक्यावर. बूट काढून फेकले. तो बोलतो, पैसे वाया. मी बोलले, थांब जरा. मग संध्याकाळी मी मेथी निवडत बसलेले, तो चहा घेऊन येत होता, आणि ही बया पलंगापासनं उठली आणि चालायलाच लागली! बूट नाहीत, काय नाहीत! त्याच्याकडे गेली, तिथनं फिरली, परत माझ्याकडे आली! तो असा ओरडला की चहा सगळा लादीवर. सासूबाईंना व्हिडिओ कॉल केला, त्या पण रडल्या. आणि लगेच बोलल्या, मी सांगितलेलं ना, बूट नको म्हणून!"

सोमवारी काय करायचं असतं, ते जनूबाईने अनुयाला सांगून ठेवलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती डोळ्यांनी खुणावतही होती. पण अनुयाला काही करता आलं नाही. "खरंच?" एवढंच ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले, आणि ते थांबेनात.

"काय ताई तुम्ही पण!" माधवीने पेढ्यांचा खोका सतरंजीवर ठेवला आणि तिला जवळ घेतलं. "काकूंची आठवण आली ना? मला पण आली. पहिलं मनात तेच आलं, काकूंना सांगायचं राहिलं."

तेवढ्यात जनूबाईने पुढे होऊन राजसीचे बूट काढले आणि दाराशी, बाकीच्या बुटांच्या रांगेत, शेवटी ठेवले.

संध्याकाळी मुलं गेल्यावर अनुयाने पेढ्यांचा खोका बाहेरच्या खोलीत आणला. चिंतामणी गॅलरीतून उठून आत येऊन बसले होते. त्यांना साखरेचा त्रास होता; तिने अर्धा पेढा मोडून दिला.

"कसला?" त्यांनी विचारलं.

"राजसी चालली. काल, आईबापासमोर."

"रविवारी?" ते म्हणाले. "तूसुद्धा रविवारीच चाललीस."

"माहीत आहे. आई सांगायची. तुमच्याकडे आले पहिल्यांदा."

"हो. ती होती तोवर तीच सांगायची. मला कधी सांगावं लागलं नाही." त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिले. मग बोलायला लागले. "अंबरनाथला होतो आपण तेव्हा. शिवमंदिराच्या अलीकडे चाळीत दोन खोल्या. माझी अशी पाळी लागलेली की मी येईन तेव्हा तू झोपलेली, मी जाईन तेव्हाही तू झोपलेली. मला तर तू ओळखायचीच नाहीस, रडायचीस. शनिवारी मी निघालो तर तुझी आई म्हणाली, येताना उल्हासनगरला जाऊन पोरीला बूट घेऊन या. मी म्हटलं, अगं, ती अजून चालत नाही, बूट कशाला? म्हणाली, घेऊन तर या. मग गेलो. निळे आणले."

अनुयाच्या हातात पेढ्याचा दुसरा अर्धा भाग होता. तो तिने खोक्यात परत ठेवला.

"आणि दुसऱ्या दिवशी घातले तर काय!" चिंतामणींचा आवाज वर चढला. दोन महिन्यांत तो इतका वर चढला नव्हता. "चाललीस ती काय चाललीस! पोरं पहिल्यांदा चालतात ती अशी डुगडुगत, पडत. तू नाही. तू धाडधाड आलीस, सराव असल्यासारखी! मी ओरडलो, सुहास, अगं बघ, बघ! ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, तुमच्याकडेच आली बघा. माझ्याकडे दिवसभर असते, पण आली ती तुमच्याकडे."

बाहेर कोणीतरी स्कूटर लावत होतं. अनुया स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिली. बुटांचं आईने तिला कधी सांगितलं नव्हतं, आणि आता विचारायला ती नव्हती. कदाचित तसं काही नसेलही. काही मुलं पहिल्या दिवसापासून धाडधाड चालत असतील.

"तुमच्याकडेच यायचं होतं ना मला," ती म्हणाली.

"तेच तर!" चिंतामणी खूश झाले. "त्यानंतर तू मला बघून कधी रडली नाहीस. थांब, दाखवतो." ते खुर्चीचे हात धरून उठले. "तू तिथे होतीस, आता बसली आहेस ना, तितक्याच अंतरावर. आणि मी इथे." भिंतीला हात लावत लावत ते खाली झाले, एक गुडघा टेकला, मग दुसरा. हाडं वाजली. तिथे बसून त्यांनी दोन्ही हात तिच्या दिशेने पसरले.

"असा बसलो होतो," ते म्हणाले.

हात तसेच पसरलेले राहिले. आता आपलं आपण उठता येणार नाही, हे त्यांच्या अजून लक्षात आलं नव्हतं.

अनुया उठली आणि चालत त्यांच्याकडे गेली.